चुन्याचा हिशेब : पॅराथायरॉइडच्या रक्ततपासणीचा कागद कसा वाचावा



आज मी आपल्याशी एका कागदाविषयी बोलणार आहे. हा कागद आता खेड्यापाड्यांतूनही घरोघर आढळतो. तालुक्याच्या गावी सकाळी रक्त तपासायला दिले की संध्याकाळी तो हातात पडतो. डाव्या बाजूला तपासणीचे नाव, मध्ये आकडा आणि उजव्या बाजूला 'इतक्यापासून इतक्यापर्यंत असावे' अशी मर्यादा. आकडा मर्यादेच्या बाहेर असला तर तो ठळक छापतात, किंवा त्याच्याशेजारी एक चांदणी काढतात. मग तो कागद घेऊन घरचे लोक शाळेत येतात आणि म्हणतात, "गुरुजी, जरा बघा की, काय आलंय यात?" गुरुजींना किंवा बाईंना 'मला यातलं कळत नाही' असे म्हणणे जिवावर येते. माझेही तसेच झाले होते.

मी डॉक्टर नव्हे. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. या विषयाकडे वळलो तो घरच्या कारणाने. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, शेतावर राबणारी बाई. पन्नाशीच्या आसपास तिला वरचेवर मुतखडा होऊ लागला. अंग दुखे, बद्धकोष्ठ असे, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे. पहिल्यासारखा कामाचा उरक राहिला नव्हता. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार होते. खडा झाला तर 'विहिरीचं पाणी जड आहे', अंग दुखले तर 'वय झालं', थकवा आला तर 'कष्ट फार'. तेव्हा कोणीतरी तिची रक्ततपासणी करवली आणि कागद माझ्याकडे आला. त्यात कॅल्शियम ११.० होते. मर्यादा १०.५ पर्यंत. शेजारी चांदणी. मी तो वाचला आणि म्हणालो, "कॅल्शियम थोडं जास्तच आहे. चांगलंच की! हाडं बळकट होतील."

तीन वर्षांनी अक्का गोठ्यात घसरली. पडली म्हणण्यासारखीही नाही, बसकण मारली एवढेच. पण मनगटाचे हाड मोडले. हाडाच्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासले. कॅल्शियम ११.४. ते म्हणाले, "इतक्या साध्या पडण्यानं हाड मोडलं, खडे होतात, आणि कॅल्शियम जास्त. याआधी कधी तपासलं होतं का?" मी घरी जाऊन कागदांची पिशवी उपसली. तो जुना कागद तसाच होता, चांदणीसकट.

माझी चूक कोठे झाली ते आधी सांगतो, कारण ती पुष्कळांची होते. रक्तात कॅल्शियम जास्त म्हणजे हाडात जास्त, असे मी गृहीत धरले. खरे पाहता गोष्ट उलटीही असू शकते. रक्तात जास्त आहे, कारण ते हाडातून निघून आले आहे!

हे नीट समजण्यासाठी शरीरातला चुन्याचा हिशेब पाहू या. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात असते ते अगदी थोडे : एका डेसिलिटरमध्ये, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये, साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. पण या थोडक्यावर फार मोठी कामे चालतात. मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन, हृदयाचा ठोका, रक्त गोठणे, ही सारी त्यावर अवलंबून आहेत. म्हणून शरीर हा आकडा फारसा हलू देत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना पाटाचे पाणी ठाऊक आहे. हाडे म्हणजे धरण समजा आणि रक्त म्हणजे पाट. पाटात पाणी किती वाहावे हे पाहायला पाटकरी असतो. पाणी कमी झाले की तो दार उचलतो, पुरेसे झाले की खाली टाकतो. आपल्या गळ्यात असे चार पाटकरी बसलेले आहेत. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी असते. तिच्या पाठीमागे तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढ्या चार लहान ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड किंवा परावटु ग्रंथी म्हणतात. नावात साम्य असले तरी दोघींची कामे अगदी निराळी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने 'माझी ती तपासणी झालीय' असे समजू नये.

या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. त्याला थोडक्यात पीटीएच म्हणतात. तो तीन कामे करतो. हाडांतले कॅल्शियम मोकळे करतो. मूत्रपिंडांकडून कॅल्शियम राखून ठेववतो आणि फॉस्फरस बाहेर टाकवतो. शिवाय 'ड' जीवनसत्त्वाला कामाला लावतो, म्हणजे आतडी अन्नातले कॅल्शियम अधिक शोषून घेतात. तिन्ही कामांचा परिणाम एकच : रक्तातले कॅल्शियम वाढते. ते पुरेसे वाढले की निरोगी ग्रंथी आपला रस आवरता घेतात.

या ग्रंथींचा शोधही गमतीचा आहे. १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाला ही ग्रंथी प्रथम दिसली. माणसाच्या गळ्यातल्या ग्रंथींचे वर्णन १८८० साली स्वीडनमधल्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने केले. पुढे हाडे ठिसूळ झालेल्या काही रोग्यांत ही ग्रंथी सुजलेली आढळू लागली. पुष्कळांची समजूत अशी की हाडे बिघडली म्हणून बिचारी ग्रंथी जास्त काम करते आहे. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल या शल्यवैद्याकडे ट्रामगाडीवर काम करणारा असाच एक रोगी होता. मांडलनेही आधी त्याला आणखी ग्रंथी बसवून पाहिली. गुण आला नाही. मग त्याने वाढलेली ग्रंथीच काढून टाकली, आणि हाडे सुधारू लागली. काही वर्षांनी दुखणे उलटले खरे, पण कार्य कोणते आणि कारण कोणते याचा उलगडा झाला. हा रस रक्तात मोजण्याची पद्धत मात्र १९६३ मध्ये अमेरिकेत सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी सिद्ध केली. तोपर्यंत वैद्यांना पाटाचे पाणी दिसे, पाटकरी काय करतो आहे ते दिसत नसे.

आता कागद हातात घेऊ.

पहिली गोष्ट, कॅल्शियमच्या आकड्याशेजारी अल्ब्युमिनचा आकडा शोधावा. रक्तातले बरेचसे कॅल्शियम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून असते. माणूस आजारी आणि कृश असेल तर अल्ब्युमिन उतरते आणि त्याबरोबर कॅल्शियमचा आकडाही फसवा कमी दिसतो. त्यासाठी एक ढोबळ हिशेब आहे. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके कमी असेल, त्याला ०.८ ने गुणावे आणि येईल ते कॅल्शियममध्ये मिळवावे. समजा कॅल्शियम ८.० आणि अल्ब्युमिन ३.० आहे. तूट १, गुणिले ०.८, म्हणजे खरे कॅल्शियम ८.८ धरावे. ते मर्यादेत आहे, घाबरण्याचे कारण नाही. काही ठिकाणी 'आयोनाइज्ड' म्हणजे मोकळे कॅल्शियम थेट मोजतात. शंका असेल तेव्हा ते चांगले.

दुसरी गोष्ट, आणि आजच्या भाषणातली हीच मुख्य. कॅल्शियम आणि पीटीएच हे दोन आकडे कधीही सुटे वाचू नयेत. पीटीएचची मर्यादा पुष्कळ प्रयोगशाळा साधारण १५ ते ६५ पिकोग्रॅम अशी देतात. पण ही मर्यादा पाटात पाणी बेताचे वाहत असतानाची आहे. पाटाला पूर आला असताना पाटकरी रोजच्याइतकेच दार उघडून बसला असेल, तर 'दार रोजच्याइतकेच आहे' असे म्हणून आपण त्याला निर्दोष सोडू का? पुरात दार बंदच असायला हवे होते.

अक्काच्या बाबतीत नेमके हेच झाले. कॅल्शियम ११.४, पीटीएच ६१. त्या आकड्यापुढे चांदणी नव्हती. एका ठिकाणी आम्हाला सांगितलेही, की "पीटीएच नॉर्मल आहे, म्हणजे त्या ग्रंथीचा प्रश्न नाही." यंत्र प्रत्येक आकडा आपापल्या मर्यादेशी ताडून पाहते, शेजारच्या ओळीत काय आहे ते पाहत नाही. ते माणसानेच पाहावे लागते. कॅल्शियम इतके असताना पीटीएच अगदी खाली जायला हवे होते. ते ६१ राहिले, हाच दोष.

या दोन आकड्यांच्या जोड्या मांडल्या की चित्र पुष्कळसे स्पष्ट होते.

कॅल्शियम जास्त, आणि पीटीएच जास्त किंवा मर्यादेतच : पाटकरीच बिघडला आहे. याला प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. बहुतेक रोग्यांत चारांपैकी एकाच ग्रंथीची साधी गाठ झालेली असते. ती कर्करोगाची असणे अगदी विरळा. फॉस्फरस बहुधा खालच्या बाजूला असतो. हाडांना बराच उपद्रव झाला असेल तर अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले दिसते.

कॅल्शियम जास्त आणि पीटीएच अगदी कमी : पाटकरी आपले काम चोख करतो आहे, पाणी दुसरीकडून आले. कोठून, ते लवकर शोधायला हवे. काही कर्करोगांत असे होते, क्षयासारख्या काही रोगांतही होते. आणखी एक कारण आपल्याकडे आढळते, ते म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक. ६ लाख युनिटांचे इंजेक्शन 'ताकदीचं' म्हणून पुनःपुन्हा टोचून घेणे, किंवा आठवड्याला एक घ्यायची ६० हजार युनिटांची पुडी रोज घेणे. ताकद येत नाही, विषबाधा होते.

कॅल्शियम कमी आणि पीटीएच जास्त : पाट आटला आहे आणि पाटकरी जिवाच्या आकांताने दार उचलतो आहे. ग्रंथीचा दोष नाही. 'ड' जीवनसत्त्वाची मोठी कमतरता किंवा मूत्रपिंडांचा जुना विकार ही येथे नेहमीची कारणे. म्हणून 'ड' जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन हे दोन्ही आकडे पाहावेत. 'ड' जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली असले तर कमतरता धरतात. उन्हाच्या आपल्या देशातही ती पुष्कळ आढळते.

कॅल्शियम कमी आणि पीटीएचही कमी, किंवा बेताचेच : पाटकरी जागेवर नाही. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत या लहान ग्रंथींना धक्का बसला की असे होते. ओठांभोवती मुंग्या येतात, हाताची बोटे आखडतात. येथे मॅग्नेशियमही तपासावे लागते. ते फार उतरले असेल तर ग्रंथी रस सोडीत नाही, आणि नुसते कॅल्शियम देऊन भागत नाही.

राहिली पाचवी जोडी. कॅल्शियम मर्यादेत आणि पीटीएच थोडे वाढलेले. हे पुष्कळांना दिसते आणि पुष्कळ घाबरतात. याची कारणे बहुधा तिसऱ्या जोडीचीच, सौम्य स्वरूपात : 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, आहारात कॅल्शियम कमी, मूत्रपिंडे मंद. ते दुरुस्त करून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. लगेच गळ्याच्या स्कॅनकडे धावू नये.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. काही घराण्यांत कॅल्शियम जन्मापासूनच थोडे वर असते, पीटीएच मर्यादेत किंवा किंचित जास्त. सहसा त्रास काही नसतो. कागदावर हे हुबेहूब पहिल्या जोडीसारखे दिसते, पण शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही. म्हणून चोवीस तासांची लघवी साठवून तिच्यातले कॅल्शियम मोजतात. या घराण्यांत ते बरेच कमी निघते. अक्का तो डबा घेऊन दिवसभर घरात बसली आणि 'हे कसलं बाई शास्त्र' म्हणून आमच्यावर चिडली. पण ते केल्यावाचून गळ्यावर सुरी ठेवणे बरोबर नव्हे.

आता कागद चुकतो कसा, तेही पाहू. दंडाला पट्टा घट्ट आवळून बराच वेळ ठेवला तर कॅल्शियम थोडे वाढीव येते. जांभळ्या टोपणाच्या नळीत कॅल्शियमला बांधून ठेवणारे रसायन असते. त्या नळीतले रक्त चुकून या तपासणीला गेले तर कॅल्शियम भलतेच कमी आणि पोटॅशियम भलतेच जास्त निघते. पीटीएच नाजूक असतो. रक्त तसेच पडून राहिले तर आकडा उतरतो. म्हणून ते जेथे वेळेवर व थंड ठेवून पाठवतात तेथे द्यावे. आणि कॅल्शियम व पीटीएच एकाच वेळी काढलेल्या रक्तातून तपासावे. मार्चचे कॅल्शियम आणि जूनचे पीटीएच यांची जोडी जुळवू नये.

औषधेही डॉक्टरांना न विसरता सांगावीत. रक्तदाबासाठी देतात त्या लघवी होण्याच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरथॅलिडोन, आणि मनोविकारावरचे लिथियम कॅल्शियम वाढवतात. केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या गोळीने काही यंत्रांवर पीटीएचचा आकडा खोटा येतो. कोणतीही गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. एखादा कागद मिलिमोलमध्ये असेल तर कॅल्शियमच्या आकड्याला ४ ने गुणावे, २.५ म्हणजे १०. आणि एकाच आकड्यावर विसंबू नये. कॅल्शियम वाढलेले दिसले तर पुन्हा एकदा तपासून पक्के करतात.

निदान पक्के झाल्यावर सोनोग्राफी आणि सेस्टामिबी नावाचा स्कॅन करतात. त्यांचे काम बिघडलेली ग्रंथी कोठे आहे हे सांगण्याचे. रोग आहे की नाही हे रक्त सांगते. त्याचा पत्ता स्कॅन सांगतो. स्कॅन कोरा आला म्हणून रोग नाही असे होत नाही. चार्ल्स मार्टेल हा अमेरिकेतला एक जहाजाचा कप्तान होता. या रोगाने त्याची उंची कित्येक इंचांनी घटली होती. त्याच्या सहा शस्त्रक्रिया वाया गेल्या आणि १९३२ साली सातव्या वेळी ती ग्रंथी गळ्यात नव्हे, छातीत सापडली.

सर्वांना शस्त्रक्रिया लागते असे नाही. हाडे विरळ झाली असतील, खडे होत असतील, मूत्रपिंडे मंदावली असतील, वय पन्नासच्या आत असेल, किंवा कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून अधिक वाढले असेल तर तिचा सल्ला देतात. इतरांना वरचेवर तपासत राहून चालते. तोवर पाणी भरपूर प्यावे. दूध आणि नाचणी भीतीने बंद करू नये. आहारातले कॅल्शियम फार तोडले तर बिघडलेली ग्रंथी हाडांवर आणखी हात मारते. मात्र कॅल्शियम १४ च्या घरात गेले, उलट्या होऊ लागल्या, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगू लागला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

पाश्चात्त्य देशांत १९७० नंतर सरसकट रक्ततपासणीत कॅल्शियम पाहू लागले, आणि त्यामुळे हा रोग तेथे बहुधा काही त्रास होण्याआधीच कागदावर सापडतो. आपल्याकडे तो अजूनही पुष्कळदा हाड मोडल्यावर किंवा खडे झाल्यावर सापडतो. कधी कधी तर कागदावर आलेला असतो, पण वाचला जात नाही.

अक्काची एकच ग्रंथी वाढली होती. काढली तेव्हा ती जांभळाच्या बीएवढी होती. त्यानंतर काही दिवस तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. डॉक्टर म्हणाले, हाडे भुकेली आहेत, रक्तातले कॅल्शियम ओढून घेताहेत. गोळ्यांनी ते निभावले. आता कॅल्शियम ९.४ आहे, खडा पुन्हा झालेला नाही. मनगट मात्र थोडे वाकडे राहिले ते राहिलेच. भाकरी थापताना ते दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याकडे कोणी असा कागद आणला तर निदान करू नका. तीन गोष्टी करा. जुने कागद मागून घेऊन तारखेप्रमाणे लावा. कॅल्शियमच्या पुढे चांदणी असेल तर पीटीएच, अल्ब्युमिन, 'ड' जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन हे आकडे आहेत का ते पाहा. आणि एका चिठ्ठीवर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न लिहून द्या : "कॅल्शियम इतके असताना पीटीएच इतके असणे योग्य आहे का?" एवढे मी त्या दिवशी केले असते तर तीन वर्षे वाचली असती.